नऊ नंबरचा स्टँड

अकरा वाजून पाच मिनिटांनी टॅबलेटवरचा झोताची जागा दाखवणारा ठिपका पुन्हा सरकला. पाच मायक्रॉन. केसाच्या जाडीचे पंधरा भाग केले तर त्यातला जेमतेम एक. ती मापकांच्या तारा जिथे येतात त्या उघड्या कपाटासमोर टॅबलेट धरून उभी होती. तिने वेळ टिपून घेतली आणि एकेक तार पुन्हा हाताने चाचपली. सगळ्या घट्ट होत्या. तिला सगळे पाठीमागे मायक्रॉनबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

भिंतीपलीकडच्या गोल बोगद्यात इलेक्ट्रॉनांचा झोत फिरत होता. त्याचा प्रकाश टोकाच्या खोलीत पोचायचा आणि तिथे नव्या औषधांच्या कणांचे फोटो निघायचे. ठिपका सरकला की फोटो पुसट. झोत कुठे आहे हे सांगायला वाटेत शेकडो मापक बसवलेले होते, आणि ते सांगतील तसा झोत जागेवर ढकलणारी यंत्रणाही होती. रोज अकराला नऊ नंबरचा मापक खोटं बोलायचा. यंत्रणा बिचारी त्याच्यावर विश्वास ठेवायची आणि सरळ चाललेल्या झोताला धक्का द्यायची.

मापक फसतो त्याला कारणं दोनच. एक तर त्याच्याखालचा लोखंडी स्टँड हलत असणार, नाहीतर कपाटातली जोडणी बिघडलेली असणार. कपाट निर्दोष होतं. दोन महिन्यांपूर्वी इंजिनिअर म्हणून रुजू झाल्यापासून ती रोज पावणेअकराला स्वतः ते उघडून तपासत होती. दुसऱ्याच्या हातावर तिचा भरवसा नव्हता. तिच्याआधी पाच मायक्रॉनकडे बघायला कुणाला फुरसतही नव्हती. राहिला स्टँड. रविवारी ठिपका शांत असायचा, कारण रविवारी शेजारचं वर्कशॉप बंद. ठोकाठोकीने स्टँड हलतो, असा तिने हिशेब लावला आणि तसा अहवाल दिला.

स्टँड बावीस वर्षांपूर्वी वर्कशॉपमधल्या मिस्त्रीकाकांनी बनवला होता. ते पंधरा दिवसांनी निवृत्त होणार होते. शुक्रवारी तीन वाजता झोत बंद करून स्टँड कापायचं ठरलं, आणि त्या चिंचोळ्या जागेत कटर चालवणारा हात त्यांचाच होता. म्हणजे आपलंच काम आपल्याच हाताने कापायचं. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, लोखंड काही घड्याळ बघून हलत नाही."

तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याने मोजमाप बदलत नाही. शिवाय ती अजून तात्पुरत्या नेमणुकीवर होती. हा दोष शोधून दाखवा, मग कायम करू, असं प्रमुखांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

शुक्रवारी साडेदहाला काका तिच्या टेबलाशी आले. आज माझ्याबरोबर चहा घ्या म्हणाले, नंतर तुम्हाला माझ्याकडे बघवणार नाही. नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. कॅन्टीनमध्ये काका गुडघेदुखीबद्दल बोलत राहिले, दुसरा कपही त्यांनीच मागवला. अकरा वाजून पाच मिनिटांनी तिने सवयीने टॅबलेट पाहिला. ठिपका जागेवर होता. सव्वाअकरालाही तो जागेवरच होता.

चहा तसाच टाकून ती उठली. टेबलाशी बसून तिने दोन महिन्यांच्या नोंदी उघडल्या. रविवार सोडून आणखी एकच दिवस सरळ होता, एक बुधवार. त्या दिवशी वर्कशॉप चालू होतं. पण त्या दिवशी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि ती रजेवर होती. रविवारीही ती नसायचीच.

बारा वाजता तिने कपाटाचं दार उघडलं. वीस मिनिटांनी ठिपका सरकला. दार लावलं, तो हळूहळू परत आला. पुन्हा उघडलं, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदाही तिने तेच केलं, कारण एकदा दिसलं त्याला ती मोजमाप म्हणत नसे. कपाटातली हवा एका ठरावीक तापमानाला जपलेली असायची. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत शिरायची आणि दाराशी असलेली नऊ नंबरच्या मापकाची पेटी चुकीचं वाचायची. चोर धरायला ठेवलेला राखणदारच रोज खिडकी उघडी टाकत होता. तिचे कान तापले. मग तिने तोंडावर पाणी मारलं आणि नव्या नोंदी घेऊन निघाली.

तीन वाजता बोगद्याच्या दाराशी काका हातमोजे चढवून उभे होते. शेजारी गाड्यावर कटर होता. प्रमुखांनी स्टँड कापण्याच्या परवानगीचा फॉर्म पुढे केला आणि सही मागितली. तिने 'दोषाचं ठिकाण' या रकान्यातलं 'स्टँड क्रमांक नऊ' खोडलं आणि तिथे 'कपाटाचं दार' असं लिहिलं. मग तीन वेळा घेतलेल्या नोंदी प्रमुखांच्या हातात दिल्या. ते चष्मा लावून त्या वाचू लागले. खालचा 'कारण' हा रकाना अजून कोरा होता.

काकांनी हातमोजे काढले आणि तिच्याजवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले, "उष्णता लिहा, ताई. तुमची नोकरी घालवायला नव्हतं मी चहाला बोलावलं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. उष्णता हे खोटंही नव्हतं. मग तिने फॉर्म भिंतीला टेकवला आणि कारणाच्या रकान्यात, हुद्द्यासकट, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.