ध्रुवावरून गेलेलं विमान

परवा सूर्यावर वादळ झालं. ध्रुवाजवळ पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडं असतं, तिथून विद्युतभारित कण वातावरणात घुसले. ध्रुवावरून गेलेल्या विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या किरणमापक बिल्ल्यांत त्यांची नोंद झाली. प्रयोगशाळेत ती ते बिल्ले तपासत होती. ‘ते विमान मीच नेतोय’ असं सांगून गेलेल्या वैमानिक नवऱ्याचा मात्र कोरा निघाला. “सूर्यसुद्धा साहेबांना टरकतो वाटतं, वहिनी!” सहकारी हसला. तिने त्याच विमानात हवाईसुंदरी असलेल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. “परवा दाजी होते ना गं विमानात?” “म्हणजे काय, ताई! आकाश हिरवंगार झालं तेव्हा त्यांनीच आम्हाला बोलावून दाखवलं.” बिल्लाच बिघडला असणार. उगाच संशय घेतला म्हणून देवाची क्षमा मागून तिने पुढचा बिल्ला यंत्रात सरकवला. तो धाकटीचा होता. तोही कोरा निघाला.