पंखाच्या आतला जोडीदार

बाबांनी तरुणपणी ज्या लष्करी मालवाहू विमानाचे रिव्हेट ठोकले, ते अजून नोकरीत आहे. बाबा निवृत्त झाले, वारलेही. उद्या माझा लेक ते उडवणार होता, म्हणून पंखाची दुरुस्ती मी स्वतःच करत होते.

मी बाहेरून रिव्हेट ठोकायची. पंखाच्या आतला जोडीदार मागून लोखंडी ठोकळा धरायचा आणि रिव्हेट पक्का बसला, की दोनदा टकटक करायचा. अख्खी ओळ छान बसली.

"ताई, माझ्याशिवायच?" चहा घेऊन आलेला जोडीदार मागून म्हणाला. "आत कुणाला कोंबलंय?"

मी पंखावर तळवा टेकवला.

"उद्या तुमचा नातू उडवणार आहे, बाबा," मी हळूच म्हणाले.

टकटक पुन्हा सुरू झाली. एकेक जुना रिव्हेट तपासत ती सावकाश पंखाच्या टोकापर्यंत गेली, आणि मग पलीकडच्या पंखातून ऐकू येऊ लागली.