उदंड आयुष्य

राजवाड्याच्या फाटकापाशी ठेवलेल्या शुभेच्छांच्या वहीवर लोसालिने वाकली, पेन टेकवलं, आणि तिचा हात तिथंच अडला.

मागे लांबलचक रांग होती. शाळेच्या मुली हातानं रंगवलेली कार्डं घेऊन उभ्या होत्या. कुणी सुरणाच्या टोपल्या आणल्या होत्या, कुणी नवीकोरी चटई. वडीलधाऱ्यांसमोर जायचं म्हणून, बेटांवरच्या रीतीप्रमाणं, सगळ्यांनी कमरेला चटया गुंडाळल्या होत्या.

"अगं बाई, लिही की! पत्र लिहितेयस का माहेरी?" मागून एक जाडी बाई म्हणाली. एरवी सगळी रांग खिदळली असती. आज कुणी हसलं नाही.

'महाराज, लवकर बरे व्हा,' असं तिनं लिहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी ती बाजूला झाली.

खोटंच लिहिलं होतं. दोन दिवसांपूर्वी ती आपल्या दूरच्या बेटावरून बोटीनं आली, तेव्हा तिच्या दिरानं, तेवितानं, धक्क्यावरच तिला एका बाजूला ओढलं होतं.

"वहिनी, डॉक्टरांनी हात टेकलेत. आता फार दिवस नाहीत." मग इकडंतिकडं बघून तो हळूच म्हणाला, "नवा राजा गादीवर बसला की तुरुंगाचं दार उघडतात. ह्यांच्या वेळी उघडलं, ह्यांच्या वडलांच्या वेळीही. आपला कितिओने घरी येईल."

"जीभ आवर तुझी!" ती म्हणाली होती. पण कानात शिरलेले शब्द काही बाहेर निघेनात.

कितिओने तिचा एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी राजधानीत कामाला आला आणि एका शनिवारी दारूच्या भरात त्यानं एका पोराच्या डोक्यात दगड घातला; पोरगा जागीच गेला. खटला चालला तेव्हा ती तापानं फणफणून बेटावर पडली होती. तिच्यापर्यंत पोचली ती फक्त शिक्षा. जन्मठेप.

आणि राजा? वादळानं त्यांचं बेट झोडपलं तेव्हा पहिल्या बोटीनं आलेला हाच तो राजा. तिच्या नवऱ्याच्या प्रेताशेजारी ओल्या जमिनीवर मांडी घालून बसला होता. स्वतःच्या हातानं त्यानं माती लोटली होती. त्या माणसाच्या मरणाची वाट बघायची?

आपल्याच मनाची धास्ती घेऊन ती रोज सकाळी राजवाड्यासमोरच्या हिरवळीवर येऊन बसू लागली. तिथं शेकडो माणसं स्तोत्रं गात होती. तीही गायची. सूर बरोबर लागायचा, पण मन भलतीकडंच पळायचं.

तिच्या शेजारी तोआकासे नावाची म्हातारी बसायची. राजधानीपलीकडच्या गावची. पाच दिवस तिच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. ओठ फुटले होते, पण गुडघे जमिनीवरून हलत नव्हते. येणारेजाणारे तिच्याकडं बघून मान लववायचे. पाद्रीबाबा तर म्हणाले, "राजावर जीव लावावा तर असा."

"मावशी, निदान शहाळं तरी घ्या," लोसालिने म्हणाली.

"तो उठून बसला की घेईन."

"आणि नाही उठला तर?"

म्हातारीनं असं बघितलं की लोसालिनेला मान खाली घालावी लागली.

शुक्रवारी दुपारी रेडिओवर निवेदकाचा आवाज भरून आला. महाराज शुद्धीवर नाहीत. लोकांनी प्रार्थना करावी. हिरवळीवर एकच आकांत झाला. तोआकासेनं दोन्ही मुठींत गवत धरलं आणि मुळासकट उपटलं. "नाही! नाही जायचा तो! देवा, मला ने, पण त्याला ठेव!"

लोसालिनेचा ऊर धडधडत होता. दुःखानं नव्हे. तिला दार उघडताना दिसत होतं, कितिओने बाहेर येताना दिसत होता. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"मावशी," तिनं म्हातारीचा हात धरला, "तुमच्यासारखं मागणं मला जमत नाही हो."

"का नाही जमत? मागताना मागं काही राखायचं नाही, पोरी. तू काहीतरी राखून ठेवलंयस."

लोसालिनेनं कपाळ जमिनीला टेकवलं आणि मनातल्या मनात बोलली, 'माझा मुलगा राहू दे आतच. मी मरेपर्यंत राहू दे. पण ह्या माणसाला जगव.' बोलता बोलता तिला असा हुंदका फुटला की शेजारच्या बायका उठून तिची पाठ चोळू लागल्या.

शनिवारी सकाळी राजवैद्य स्वतः फाटकापर्यंत आले. महाराजांनी डोळे उघडले होते. पेज मागितली होती. धोका टळला होता.

चर्चच्या घंटा वाजू लागल्या. माणसं ओळखपाळख न बघता एकमेकांच्या गळ्यात पडत होती. लोसालिने हसत होती, डोळ्यांतून धारा वाहत होत्या. कितिओने आता येणार नव्हता. पण आज कितीतरी दिवसांनी तिला स्वतःची लाज वाटत नव्हती.

तिनं शहाळं फोडलं आणि तोआकासेच्या ओठांशी धरलं. म्हातारी लहान मुलासारखी घटाघट प्यायली.

"तुमच्यामुळं जमलं हो मला, मावशी," लोसालिने म्हणाली. "राजावर एवढी माया मी कुणाची बघितली नाही."

"राजा चांगलाच आहे गं. पण खरं सांगू?" म्हातारीनं तोंड पुसलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तो गेला असता तर तुरुंग उघडला असता. माझ्या पोराच्या, फिनेआसीच्या डोक्यात दगड घालणारा तो कितिओने मोकळा सुटला असता. आता सडू दे त्याला तिथंच." तिनं लोसालिनेचे ओले गाल मायेनं पुसले. "तुझं काय गं, पोरी? काल एवढी ऊर फुटेस्तोवर रडलीस, ती कुणासाठी?"