शांतपणे गेली

“हेही संपवलंत?” ग्रंथपालबाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. “आमच्या इथल्या बायकासुद्धा इतक्या भराभर वाचत नाहीत हो.”

“दुकानात गिऱ्हाईक नव्हतं,” चष्मेवाला म्हणाला.

गिऱ्हाईक होतं. दोघं जण ताटकळून, वैतागून निघून गेले होते आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. बायको गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. भूक लागायची, तीसुद्धा शेजारच्याला लागल्यासारखी.

घराजवळ एक वाचनालय होतं, पण तिथे सगळे तिला ओळखायचे. म्हणून तो दुकानामागच्या या वाचनालयात आला होता. पहिल्या दिवशी टेबलापाशी उभा राहून म्हणाला, “बायकांनी लिहिलेलं काहीतरी द्या.”

“मिसेससाठी?”

“नाही, मलाच. ती गेली.”

बाईंचा चेहरा असा काही उतरला की पुढचं त्याच्याच्याने बोलवेना. त्यांनी पुस्तक दिलं, चहा पाजला, आणि शनिवारच्या बायकांच्या वाचनगटात त्याला नेऊन बसवलं. एवढ्या बायकांत हा एकटा बुवा! पण बायकांनी त्याला सांभाळून घेतलं. त्यातल्या एक निवृत्त नर्स होत्या. सगळ्या त्यांना सिस्टर म्हणत. त्यांना आडपडदा ठाऊकच नव्हता.

“कधी गेल्या हो?” त्यांनी पहिल्याच शनिवारी विचारलं होतं.

“सकाळी. मी झोपेत होतो.”

“म्हणजे शांतपणे गेल्या.”

“हो. आवाजसुद्धा केला नाही.”

“आजारी होत्या?”

“कुरकुर असायची. मी लक्ष दिलं नाही.”

“पुरुष कुठे देतात!” सिस्टर म्हणाल्या, आणि मग जीभ चावली. “शेवटचं काही बोलल्या का?”

त्याने आठवून पाहिलं. “म्हणाली, दूध उतू जातंय, बघा जरा.”

एकीने डोळे पुसले. त्याने पाहिलं होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही. त्याने पाहिलं नव्हतं.

ती घरात सतत वाचायची. “काय ती बायकांची रडगाणी,” असं तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा. आता तो ती रडगाणी एकेक करून वाचत होता. तिला नक्की काय होत होतं, एवढं त्याला जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही नको.

पुस्तकांतले मारकुटे नवरे सोपे होते. ते वाचून तो निर्धास्त पान उलटायचा, आपण त्यांतले नाही म्हणून. पण काही पुस्तकांत नवरा मारायचा नाही, प्यायचा नाही, चांगला कमवायचा. नुसता समोर बसलेला असायचा. ती बोलायची, हा “हं” म्हणायचा. पानंच्या पानं नुसतं “हं”. अरे, हा तर मीच की, असं एका दुपारी त्याच्या लक्षात आलं. शरम वाटायला हवी होती. वाटली नाही, नुसतं कळलं. मग त्याने शटर ओढलं आणि काउंटरमागे बसून राहिला.

त्या दिवशी त्याला तिचा चष्मा आठवला. डाव्या काडीचा स्क्रू पडला होता. “अहो, एवढा बसवून द्या ना,” ती म्हणाली होती. “उद्या,” तो म्हणाला होता. दुकानात तसल्या स्क्रूंची डबीच्या डबी भरलेली! वाट पाहून पाहून तिने लाल दोरा बांधला. तो दोरा तो रोज समोर बसून बघत होता.

आजच्या शनिवारी तो लवकर आला. सिस्टरच्या चष्म्याचं नाकावरचं रबर निखळलं होतं. खिडकीजवळ मान खाली घालून तो ते बसवायला लागला. अलीकडे तो कुणाचंही काम उद्यावर टाकत नसे.

“त्यांचे कपडे वगैरे देऊन टाकलेत का?” सिस्टरनी विचारलं.

“कपाट रिकामंच आहे.”

“बरं केलंत. उगाच डोळ्यांसमोर नको. पण मला सांगा, इतकं वाचून आता काय उपयोग?”

“कळलं तर तिला सांगीन म्हणतो.”

सिस्टरनी छताकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. मग खुर्ची जवळ ओढून कुजबुजल्या, “आज एक नवीन बाई यायच्यात. पलीकडच्या गल्लीत खोली घेतलीय. खूप वाचतात म्हणे. त्यांचेही मिस्टर गेलेत. बोला जरा त्यांच्याशी. तुमचं दुःख त्यांना कळेल.”

“हं,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच “हं” ऐकून दचकला.

दार वाजलं. खुर्च्या सरकल्या. “या, या, इथे बसा यांच्यासमोर,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “हे आमचे चष्मेवाले. यांच्या मिसेस गेल्या हो, पण माणूस बघा, तेव्हापासून फक्त बायकांनी लिहिलेलं वाचतोय. त्यांना समजून घ्यायला.”

समोर कुणीतरी बसलं. टेबलावर चष्म्याचं घर उघडल्याचा टक् असा आवाज झाला. धंद्याच्या सवयीने त्याची नजर आधी चष्म्याकडे गेली.

डाव्या काडीला लाल दोरा होता.

“आणि तुमचे मिस्टर हो?” सिस्टरनी हळूच विचारलं. “कशाने गेले?”

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“समोर बसल्या बसल्या,” ती म्हणाली. “मला कळायलाच कितीतरी वर्षं लागली.”