नळातला प्रचार

मतदानाला निघायचं होतं आणि आंघोळीला घरात थेंबभर पाणी नव्हतं. आमच्या सिडकोत चार दिवस नळ कोरडे आणि प्रचाराच्या रिक्षा मात्र दिवसभर गल्लीत बोंबलत होत्या.

मी मोरीतला नळ सोडला. पाणी यायच्या आधी येते तशी हवा सुसाट सुटली. मग आतून आवाज आला, "माता-भगिनींनो, घरोघरी चोवीस तास पाणी!"

"दीपक, बाहेर रिक्षा आलीय का?"

"नाही गं. प्रचार परवाच थांबला," नवरा गॅलरीतून म्हणाला.

मी नळ बंद केला. आवाज वाढला.

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं तोंड दाखवलं नाहीस आणि आता मोरीत घुसतोस? आधी पाणी दे, मेल्या!"

आवाज थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "देतो ना, शैलाताई."

माझं नाव! संतापून मी डाव्या हाताचं बोट नळाच्या तोंडात खुपसलं. आत नखाला काहीतरी गार टेकलं.

बोट बाहेर काढलं. नखावर शाईची ओली रेघ होती.

"तुमचं झालं, ताई," नळ म्हणाला. "आता दीपकभाऊंना पाठवा."