मूलच्या पुढचा नवा वाघदेव

बस मूल गाव सोडून जंगलात शिरली आणि सोमाजीच्या पोटात पीळ पडला. त्याने पुढच्या सीटची दांडी धरली, सोडली, पुन्हा धरली.

"आलं का?" शेजारी बसलेली बायको, अंजनाबाई, पुटपुटली.

"येऊन राह्यलं."

साठी उलटल्यावर लागलेलं दुखणं. आधी मूळव्याध म्हणून झाडपाला झाला, मग जंताच्या गोळ्या झाल्या. रक्त काही थांबेना. आतड्याला आतून जखमा दिसतात, नळी घालून पाहावं लागेल, असं सावली गावचा डॉक्टर म्हणाला. आणि नळीवाला डॉक्टर चंद्रपुरात दुपारपर्यंतच बसायचा. सोमाजी आधीही निघाला होता. दर वेळी मधेच उतरला, आणि बस त्याला झाडामागे सोडून निघून गेली.

"कंडक्टरभाऊ, जरा थांबवता का?"

"जंगलात थांबा नाई, भाऊ," नथ्थू कंडक्टर तिकिटाची पेटी वाजवत म्हणाला. "एकासाठी थांबलो का सारी बस उतरते."

सोमाजी उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला. मग तोंडातून जे निघालं ते त्याचं पोटच बोललं असावं.

"अरे, वाघदेव मांगं राह्यला!"

ड्रायव्हरने असा ब्रेक दाबला की, खोटं वाटेल, टपावरच्या टोपलीतली कोंबडी खिडकीतून आत येऊन गिअरच्या दांड्यावर बसली. वाघाने माणूस नेला त्या जागी वाघदेव मानायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथे एक गोटा ठेवायचा, ही त्या रस्त्याची रीत. ती मोडून गाडी पुढे काढणारा ड्रायव्हर अजून जन्मायचा होता.

"इथी कोनता वाघदेव?" नथ्थूने विचारलं.

"नवा हाय."

"अन् टमरेल कायले?"

"देवाले पाणी!" सोमाजी तोवर खाली उतरलाही होता. सागाच्या बुंध्याशी त्याने एक गोटा टाकला आणि मागच्या झुडपात शिरला.

परतला तेव्हा बसमधल्यांच्या गोट्यांचा ढीग गुडघ्याला लागला होता. कोणी शेंदूरही लावला होता. गिरजाबाई नावाच्या म्हातारीने महाकालीसाठी चालवलेला नारळ तिथेच फोडला होता आणि ती ढिगाला सांगत होती, "माह्या नातवाचा ताप उतरव, बाप्पा."

बस निघाली.

"चांद्याले धम्माची दीक्षा घेतली तवा काय म्हटलं होतं वो तुमी?" अंजनाबाई समोर बघत हळूच म्हणाली. "घरचे देव वैनगंगेत कोनं सोडले?"

"मीनंच."

"मंग हा कोनाचा?"

मागून गिरजाबाईने सोमाजीच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "तुमच्यानं देव भेटला, भाऊ."

खोबरं हातात तसंच राहिलं. सोमाजीने ते या हातातून त्या हातात घेतलं. आणि पोट पुन्हा हललं.

तो उभा राहताच सगळी बस त्याच्याकडे वळली. नथ्थूने घंटीची दोरी आपणहून धरली. "अजून एक हाय का, भाऊ?"

नुसतं हो म्हणायचं होतं. बस थांबली असती, धोतरही वाचलं असतं.

"देव नाई," सोमाजी म्हणाला. शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं. "मांगंही नोहता. मले हगवण हाय. रक्त पडते. थांबवा, नाई त इथीच होईल."

आजूबाजूचे सगळे चटकन सरकले. कोंबडीसुद्धा.

"म्हंजे माहा नारळ..." गिरजाबाई म्हणाली.

"चुकलं, बाई."

"नारळाचं मांगून पाहू!" तिने त्याला दाराकडे ढकललं. "जा ना आधी!"

घंटी वाजली.

झुडपातून तो धावतच परत आला. बस जागेवर होती, इंजिन बंद. पलीकडच्या झाडांमागून आणखी दोन म्हातारे धोतर सावरत येत होते. आणि रस्त्याच्या कडेला अंजनाबाई वाकून गोट्यावर गोटा रचत होती.

सोमाजी थबकला. "तूबी?"

"देवाले नाई वो," ती हात झटकत म्हणाली. "वापस येतानी बस कुठी थांबवाची, डायव्हरले दिसाले पायजे."