शंभरात दीड

रुतिकाने चाळिसावं लाइफ जाकीट पखवाजवाल्या सितारामबुवांच्या हातात दिलं आणि पुढच्यासाठी पेटीत हात घातला. हाताला पेटीचा तळ लागला.

धक्क्यावर अजून चौघी उभ्या होत्या. कपाळाला बुक्का, हातात टाळ. त्यांच्यात पहिली तिची आजी, चंद्राबाई.

“काका, चार जास्त आहेत.”

लाँचचा मालक धनेश इंजिनावर वाकला होता. त्याने वरही पाहिलं नाही. “जास्त कशी? तूच बोललीस ना, चव्वेचाळीस घे.”

तीच बोलली होती. फोनवरून जागा धरणाऱ्या दर पाचांत एक जण ऐन वेळी येत नाही आणि लाँच रिकामी जाते, ही काकाची रोजची कुरकुर. रुतिका नेरूळच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. दिवाळीत ओटीवर बसून तिने त्याला गणित मांडून दिलं. जागा चाळीस, नावं चव्वेचाळीस घ्यायची. चाळिसाहून जास्त माणसं खरोखर येतील, असं शंभर फेऱ्यांत दीड वेळा होईल. तो आकडा धनेशला इतका आवडला की उरणच्या बाजारात त्याने तो निम्म्या गावाला ऐकवला. दिवाळीपासून एकदाही चुकला नव्हता.

आज मात्र सगळे आले होते. खाडीपलीकडच्या गावात सप्ताहाची सांगता होती, काल्याचं कीर्तन होतं. तिथले कीर्तनकार बुवा कृष्णाचे खेळ रंगवणार, हंडी फुटणार, दही-लाह्यांचा घास हातावर पडणार. तो घास पोटात गेल्याशिवाय सात दिवसांचं ऐकणं पुरं होत नाही. पुतळाबाई अंगात ताप घेऊन, शाल गुंडाळून आली होती. पायाला प्लास्टर असलेल्या एकाला दोघांनी उचलून चढवलं होतं.

“आजी, तुम्ही चौघी पुढच्या फेरीला या ना.”

“पुढच्या फेरीला काय, भांडी घासाला जावं?” चंद्राबाई म्हणाली. मागच्या तिघी हसल्या.

“अगं, पण एवढ्यांतलं एकही माणूस कसं गळलं नाही?”

“गळंल कसा? एक नाय आला तं बाकीचं पन नाय जायाचं. आमचा तसाच हाय.”

“गणितात मी धरलं होतं, जो तो आपापला येतो. एकाच्या येण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही.”

“आमचा एकमेकींशी संबंध नाय?” म्हातारीने टाळाची दोरी बोटाला गुंडाळली. “तुना कुनी सांगितला?”

सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर अट लिहिली होती: प्रत्येकाचं येणं स्वतंत्र असलं पाहिजे. रुतिकाने ती सुंदर अक्षरात उतरवून घेतली होती. गणित मांडताना ती आठवलीही होती. लिहिली म्हणजे पाळली गेली, असंच तिला वाटलं होतं.

सकाळपासून वारा दक्षिणेचा होता. धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटत होत्या. चौघी चढल्या तशी लाँच खाली बसली. भाराची हद्द म्हणून बाजूला रंगवलेला पांढरा पट्टा पाण्यात गेला, वर आला, पुन्हा गेला.

सितारामबुवांनी जाकीट काढलं. “हे गळ्यात राहील, नाही तर पखवाज राहील,” म्हणाले आणि ते चंद्राबाईकडे दिलं. तिने हात जोडून घेतलं. फळी ओली होती. जाकीट नीट घडी करून तिने बुडाखाली घातलं आणि त्यावर बसली.

“आजी, ते अंगात घाल.”

“अंगात घातला तं टाळ कसा वाजवू?”

तिच्या शेजारणीने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या जाकिटाचा पट्टा सोडला. मग तिच्या पलीकडचीने.

“काका, लाँच नको सोडू. वारा बघ.”

धनेश आता सरळ उभा राहिला. हसत होता. “टेन्शन नको घेऊ. शंभरात दीड बोललीस ना? तो दीड आज होऊन गेला. आता पुढच्या सगळ्या फेऱ्या निवांत.”

“तसं नसतं ते.”

“मग कसं असतं?”

“प्रत्येक फेरी नव्याने...” ती सांगू लागली. लाँचवरची सगळी तोंडं तिच्याकडे वळली होती, वैतागलेलं त्यांत एकही नव्हतं. लहानपणी याच बायांनी तिला मांडीवर घेऊन कीर्तनं ऐकवली होती.

“दोर सोड गं बाय,” चंद्राबाई म्हणाली. “तिकरं कीर्तनाला बुवा उभं राहिलं असतील.”

दोर धक्क्यावर उभ्या रुतिकाच्याच हातात होता. तिने तो सोडला.

लाँच धक्क्यापासून सुटली. पखवाजावर थाप पडली आणि विठ्ठलाचं नाव निघालं, आधी हळू, मग भरून. गजराने जोर धरला तशी मंडळी बसल्या जागची उठली. तोपर्यंत लाँच खाडीच्या मधोमध पोचली होती. ठेक्यावर सगळी एकदम डावीकडे झुकली. लाँच त्यांच्याबरोबर डावीकडे झुकली. मग उजवीकडे.

टाळांचा आवाज वाऱ्यावरून धक्क्यापर्यंत येत होता. रुतिका कान देऊन उभी होती. त्यात एखादा तरी टाळ मागेपुढे पडतोय का, ते ती शोधत होती. एकही पडत नव्हता.